पुढच्या टूरिंग गाड्यांमध्ये काय येणार? वावड्या, पेटंटं आणि आपल्या अपेक्षा

दूरवाट

मंडळी, नव्या टूरिंग गाड्यांच्या वावड्या सध्या इतक्या उठतायत की कुठली धरायची नि कुठली सोडायची हेच कळेनासं झालंय. टायर आणि हेल्मेटच्या धाग्यांत ही चर्चा मध्येच येते आणि हरवून जाते, म्हणून हा वेगळा धागा.

माझी सध्याची गाडी बारा वर्षांची झाली. लाखाच्या वर किलोमीटर झालेत, इंजिन अजून ठणठणीत आहे, त्यामुळे घाई नाही. पुढची दोन-तीन वर्षं काय येतंय ते बघायचं आणि मग एकदाच घ्यायची, असा विचार आहे. टूरिंग गाडी म्हणजे माझ्या लेखी जिच्यावर दिवसभरात पाच-सहाशे किलोमीटर झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत बसावंसं वाटतं ती. हॉर्सपॉवर वगैरे सगळं त्याच्या मागून.

माझा पहिला अंदाज असा की मोठ्या टूरिंग गाड्यांवरचा डाव्या हातातला क्लच जाणार, निदान तो ऐच्छिक होणार. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर १२०० एफवर डीसीटी (दोन क्लचांचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) आणलं तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. २०१८ च्या गोल्ड विंगवर, म्हणजे होंडाच्या मोठ्या टूरिंग गाडीवर, तेच सात गिअरचं होऊन आलं. २०२४ मध्ये तर क्लच किंवा गिअर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणांची रांगच लागली. बीएमडब्ल्यूने आर १३०० जीएस ॲडव्हेंचरवर एएसए दिलं, यामाहाने वाय-एएमटी आणलं, होंडाने ई-क्लच, आणि पाठोपाठ केटीएमच्या १३९० सुपर ॲडव्हेंचर एस इव्होवर एएमटी आलं. चार कंपन्या एकाच दिशेने पैसा ओततायत म्हणजे ही लाट मागे फिरणार नाही.

दुसरा अंदाज रडारचा. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ वर आजूबाजूच्या वाहनांचा वेध घेणारं रडार पुढे आणि मागे दिलं ती २०२० च्या शेवटची गोष्ट. आता ते मधल्या गटातल्या गाड्यांवर उतरेल असं वाटतं.

तिसरा अंदाज नाही, इच्छा आहे. वजन कमी व्हावं. इलेक्ट्रॉनिक्स वाढेल तसं वजनही वाढत जाईल अशी मला धास्ती आहे, त्यामुळे यावर सगळ्यात जास्त ऐकायचंय. आणि एक विनंती, जे लिहाल ते कुठून कळलं तेही लिहा, म्हणजे ऐकीव आणि खरं वेगळं काढता येईल.

क्लचवायर

धागा छान. पण या चारही यंत्रणा एका माळेत ओवू नका, आतून त्या फार वेगळ्या आहेत.

डीसीटीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा आणि एक सम गिअरांचा. पुढचा गिअर आधीच पडलेला असतो, फक्त जोर एका क्लचकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. म्हणून झटका लागत नाही. त्याच्या बदल्यात वजन वाढतं. एएसए आणि वाय-एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लच दाबायला एक मोटर आणि गिअर टाकायला दुसरी. म्हणून तर यामाहाचं अख्खं प्रकरण २.८ किलोत बसलंय. केटीएमने सेंट्रिफ्युगल क्लच वापरलाय, इंजिनाचे फेरे वाढले की तो आपसूक धरतो, आणि गाडी उभी करताना 'पी' लावायची सोय आहे. होंडाचा ई-क्लच या सगळ्यांहून निराळा. लिव्हर जागेवरच, गिअर पायानेच टाकायचा, क्लच तेवढा मोटर सांभाळते, आणि मनात आलं की लिव्हर दाबून ताबा आपल्याकडे.

टूरिंगला ई-क्लचचीच पद्धत टिकेल असं मला ठामपणे वाटतं. सामान लादलेली गाडी अरुंद रस्त्यात उलटी वळवताना आपण काय करतो? अर्धा क्लच, थोडी रेस, मागचा ब्रेक किंचित दाबलेला. या तिघांच्या ओढाताणीवर गाडी तोललेली असते. त्यातला क्लच काढून घेतला तर दोघांवर तोलायची. यामाहाने २००६ मध्येच एफजेआर १३०० एएसवर बिनलिव्हरची गाडी आणली होती, गिअर मात्र चालवणाऱ्यानेच टाकायचा. पण तिच्या शेजारी लिव्हरवाली एफजेआरही विकतच राहिले, कारण तिला मागणी होती.

दूरवाट

क्लचवायर, फरक नीट मांडलात, धन्यवाद. मी मित्राची डीसीटीवाली गाडी दोन दिवस चालवली आहे. पहिल्या सकाळी तुम्ही म्हणताय तसंच झालं, प्रत्येक वळणावर डावी बोटं हवेत लिव्हर शोधत होती. दुपारपर्यंत रेस स्थिर ठेवून फक्त मागच्या ब्रेकवर गाडी वळवायची सवय लागली. संध्याकाळी फरक जाणवला तो हाताला. माझा डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं लांबच्या दिवसानंतर बधिर होतात, त्या दिवशी झाली नाहीत. त्यामुळे माझं मन त्या बाजूला झुकलंय हे कबूल.

पाच_फूट_दोन

माझी उंची नावातच आहे, त्यामुळे माझी अपेक्षा सरळ आहे. गाडी थांबली की खाली बसली पाहिजे.

हे आता स्वप्न राहिलेलं नाही. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ च्या पॅन अमेरिकावर पहिल्यांदा दिलं, थांबायच्या बेतात असताना सस्पेन्शन आपोआप खाली येतं आणि निघाल्यावर परत वर जातं. बीएमडब्ल्यूच्या आर १३०० जीएसवर तशाच पर्यायाने सीट ८५० मिलिमीटरवरून ८२० वर येते. तीस मिलिमीटर म्हणजे काय ते उंच माणसाला सांगून कळणार नाही. बोटांच्या टोकावर उभं राहणं आणि चवडा पूर्ण टेकणं यातला तो फरक आहे.

माझी गाडी आजवर दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा वेग शून्य होता. एकदा उतारावर थांबले, उजवा पाय टेकवला तर खाली खळगा. भरलेली टाकी, दोन्ही पॅनियर (मागच्या बाजूंच्या पेट्या) भरलेले, वर बॅग. गाडी कलली ती कललीच, मी फक्त सावकाश आडवी होऊ दिली. पाय वाचला. लिव्हर तुटला आणि पुढचा प्रवास तिथेच संपला.

म्हणून मी ज्या तंत्राची सगळ्यात जास्त वाट बघतेय ते म्हणजे स्वतःचा तोल सांभाळणारी गाडी. होंडाने २०१७ च्या सुरुवातीला रायडिंग असिस्ट नावाची प्रायोगिक गाडी दाखवली होती, चालवणारा नसतानाही जागेवर उभी राहायची. यामाहाने २०२२ मध्ये एएमएसएएस नावाचं संशोधन जाहीर केलं, त्यात ताशी ५ किलोमीटरच्या आतल्या वेगात पुढच्या चाकाला आणि स्टिअरिंगला मोटरने मदत देऊन गाडी सावरतात. त्यांचा मुद्दा असा होता की त्यासाठी चौकट नव्याने बनवावी लागत नाही. हे जर विक्रीच्या गाडीवर यायचंच असेल तर ते आधी वजनदार टूरिंग गाडीवर यावं. हलक्या गाडीला त्याची गरज कमी आणि तिथे ते बसवायला जागाही कमी.

शाफ्टवाला

वजनावर लिहितो, कारण दूरवाट यांची धास्ती अर्धी खरी आहे.

आर १३०० जीएस २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा २३७ किलोची होती, आधीच्या १२५० पेक्षा १२ किलो हलकी. सगळ्यांना वाटलं आता अख्खं कुटुंब हलकं होणार. पण नंतर आलेली जीएस ॲडव्हेंचर २६९ किलोची निघाली, जुनी २६८ ची होती. २०२५ मध्ये आर १३०० आरटी आली ती २८१ किलो, जुनी २७९. म्हणजे इंजिन आणि चौकटीत जे वाचवलं ते फेअरिंग (गाडीभोवतीचं आवरण), सस्पेन्शनची इलेक्ट्रॉनिक्स, रडार आणि मोठा पडदा यांनी परत खाल्लं.

आता याची दुसरी बाजू बघा, कारण ती कुणी बघत नाही. गाडीच्या कागदांत दोन वजनं असतात. एक टाकी भरलेल्या गाडीचं आणि दुसरं, माणसं-सामान धरून जास्तीत जास्त किती चालेल ते. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतं ते आपलं. १२५० जीएस आणि १३०० जीएस, दोघींची मर्यादा ४६५ किलोच आहे. त्यामुळे गाडीचे कमी झालेले १२ किलो सरळ आपल्या पदरात पडले, २१६ चे २२८ झाले. दोन मोठी माणसं, दोघांचे जॅकेट-बूट-हेल्मेट, पॅनियरांचं स्वतःचं वजन आणि आतलं सामान एकदा काट्यावर ठेवून बघा. मी बघितलंय. माझ्या आधीच्या गाडीची मर्यादा आम्ही दरवेळी ओलांडत होतो आणि मला वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता. मागचा टायर मध्यावर सपाट होऊन लवकर का संपतो म्हणून टायरला बोल लावायचो.

गोल्ड विंगची २०१८ ची कथाही इथे सांगण्यासारखी आहे. होंडाने तेव्हा चाळीसेक किलो खरोखर कमी केले. पण टाकी २५ लिटरवरून २१ वर आणली आणि सामानाची जागा १५० लिटरच्या आसपास होती ती ११० वर. गाडी चालवायला छान झाली, यात वाद नाही. पण दोघांनी मिळून आठवडाभर फिरणाऱ्यांची मागची पेटी भरेना. शेवटी २०२१ मध्ये मागची पेटी ५० लिटरवरून ६१ केली. वजन कमी करा म्हणताना कुठून कमी करताय हेही विचारायला हवं.

अवांतर: चेनवाल्या टूरिंग गाड्या वाढतायत याचं मला वाईट वाटतं. शाफ्ट (चेनऐवजी मागचं चाक फिरवणारा दांडा) जड असतो हे मान्य. पण दिवसभर पावसात चालल्यावर रात्री टॉर्च धरून चेनला तेल लावायचं नसेल तर तेवढं वजन मी आनंदाने वाहीन.

मागची_सीट

मी आठ वर्षं मागे बसून फिरले आणि गेली चार वर्षं स्वतःची गाडी चालवतेय. दोन्ही बाजू माहीत आहेत म्हणून लिहिते. या धाग्यात आतापर्यंत पुढच्या सीटचाच विचार झालाय.

मागे बसणाऱ्याला पहिला त्रास गुडघ्यांचा होतो. पॅनियर लावले की फूटपेगची जागा तीच राहते, पण पाय मागे सरकवायची सोय संपते. गुडघा काटकोनाहून जास्त दुमडला की दीड तासात पाय सुन्न. दुसरा त्रास वाऱ्याचा. पुढच्याने विंडस्क्रीन वर केली की त्याचं डोकं शांत होतं, पण काचेवरून निसटलेला वारा वळवळत येऊन नेमका माझ्या हेल्मेटवर आपटायचा. काच जितकी उभी आणि मोठी, तितकी तिच्या मागे हवेची पोकळी, आणि ती पोकळी मागून हवा ओढून घेते. पाठीत ढकलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. काचेच्या खाली थोडी फट ठेवून हवा आत सोडली तर हा ताण बराच कमी होतो. आमच्या गाडीची काच दोन वॉशर घालून पुढे सरकवली तर निम्मा त्रास गेला. हे जर दोन वॉशरने होतं तर कंपनीने कारखान्यातच का करू नये?

मोटो गुझीने २०२१ मध्ये दाखवलेल्या व्ही१०० मँडेलोवर टाकीच्या दोन्ही बाजूंना वेगाप्रमाणे उघडणारे पंख आहेत. मला ही कल्पना फार आवडली. पुढच्या पिढीत असे पंख आणि काच एकत्र काम करतील, आणि मागे माणूस बसलंय हे ओळखून स्वतःची जागा बदलतील, असा माझा अंदाज आहे. इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन मागचा भार ओळखतंच, तीच माहिती काचेला द्यायची आहे. यात अशक्य काय आहे?

तिसरा त्रास उष्णतेचा. रहदारीत अडकलं की पुढच्याच्या मांड्यांना आणि माझ्या पोटऱ्यांना चटके. मल्टिस्ट्राडा व्ही४ वर गाडी उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद होतात, तसं काहीतरी सगळ्यांनी करायला हवं.

शाफ्टवाला

मागची_सीट, वॉशरची युक्ती किती मिलिमीटरची? आमच्याकडे तीच तक्रार आहे.

मागची_सीट

प्रत्येक बोल्टला साधारण दहा मिलिमीटर, आणि तेवढे लांब बोल्ट. आधी फक्त वरच्या दोन बोल्टना लावून बघा, काचेचा कोन बदलतो. मग खालच्यांना.

कागदवाचक

दूरवाट यांनी कुठून कळलं ते लिहा म्हटलंय, म्हणून अफवा वाचण्याबद्दल थोडं. मला या कागदांचा नाद आहे.

सगळ्यात कच्चा माल म्हणजे संगणकावर बनवलेली चित्रं. ती कलाकाराची इच्छा असते, कंपनीचा त्यात हात नसतो. त्यानंतर पेटंट. पेटंटचा अर्ज सहसा दाखल झाल्यापासून अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे आज जे पेटंट बघून आपण 'येतंय येतंय' म्हणतो ते त्या अभियंत्यांच्या डोक्यात निदान दीड वर्षापूर्वी होतं, आणि कदाचित त्यांनी ते तोवर बासनात बांधलंही असेल. शिवाय पुष्कळ पेटंटं दुसऱ्याने तो रस्ता धरू नये म्हणून घेतलेली असतात. पेटंटातलं चित्रही फसवं असतं. इंजिनाची कल्पना दाखवायला जुन्याच गाडीचं रेखाटन वापरतात आणि आपण म्हणतो, अमुक गाडीला टर्बो येतोय.

नावाची नोंदणी म्हणजे ट्रेडमार्क त्याहून जरा बरा, पण कंपन्या नावं राखूनही ठेवतात. वेष पालटून रस्त्यावर फिरणारी चाचणीची गाडी दिसली तर मात्र कान टवकारा. तिच्या पॅनियरचे हुक, रेडिएटरचा आकार, पुढच्या नाकावरचा रडारचा सपाट चौकोन, एवढंच बघायचं. प्लास्टिकचा आकार खोटा असू शकतो, चौकट आणि इंजिनाची जागा लपवता येत नाही.

सर्वात पक्कं म्हणजे मंजुरीचे कागद. कॅलिफोर्नियाचं हवा संसाधन मंडळ प्रदूषणाची मंजुरी देतं तेव्हा मॉडेलचं नाव आणि इंजिनाची क्षमता छापून येते. इतर काही देशांच्या मंजुरीत तर वजन, चाकांमधलं अंतर आणि शक्तीचे आकडेही मिळतात. तिथे नाव आलं की गाडी बहुधा काही महिन्यांत समोर उभी राहते.

ही चाळणी लावली तर या धाग्यातला क्लचचा अंदाज विकत मिळतो, रडारचा अंदाज अर्धा विकत मिळतो, आणि तोल सांभाळणाऱ्या गाडीचा अजून प्रयोगशाळेत आहे. पाच_फूट_दोन, तुम्हाला नाराज करायचं नाही. पण तीच गाडी येईल म्हणून खरेदी थांबवू नका.

पाच_फूट_दोन

नाराज नाही. थांबले नाहीच, सीट खाली करून चालवतेच आहे. पण वाट बघणं सोडणार नाही.

वीजप्रवासी

कुणीच विजेचं नाव काढलं नाही? माझ्या मते पुढचा खरा बदल तोच. आवाज नाही, कंपन नाही, उष्णता जवळपास नाही, क्लचचा तर प्रश्नच मिटला. वर सांगितलेले निम्मे त्रास एका झटक्यात जातात.

क्लचवायर

वीजप्रवासी, मलाही ती गाडी हवी आहे, आकडे मात्र आडवे येतात.

झीरो डीएसआर/एक्सची बॅटरी १७.३ युनिटांची आहे, एनर्जिकाच्या एक्स्पीरियाची २२.५ युनिटांची होती. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. २० लिटरची टाकी म्हणजे १८०. इंजिन त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरलं तरी ४५ ते ६० युनिट हातात पडतात. हे अंतर सहजासहजी भरून निघत नाही.

आणि टूरिंगचा सगळा खेळ वाऱ्याशी आहे. वाऱ्याला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. १०० वरून १२० वर गेलात की १.२ चा घन, म्हणजे १.७३ पट. तेवढंच अंतर कापायला लागणारी ऊर्जा वर्गात वाढते, म्हणजे १.४४ पट. शहरात ही गाडी उत्तम अंतर देते कारण तिथे वेग कमी आणि ब्रेक लावताना थोडी ऊर्जा परत मिळते. महामार्गावर ते दोन्ही फायदे गळून पडतात, आणि मोटरसायकल कितीही लहान दिसली तरी वाऱ्याच्या दृष्टीने फार ओबडधोबड वस्तू आहे. त्यात पॅनियर लावा.

एनर्जिका २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली याचं मला मनापासून दुःख झालं. त्या लोकांनी टूरिंगसाठी खरंच विचार करून गाडी बनवली होती.

वीजप्रवासी

गणित मान्य. पण तुम्ही दर दीड-दोन तासांनी थांबता की नाही? तेवढ्यात जलद चार्जिंग मिळालं तर दिवसाचे चारशे किलोमीटर होतात. पाचशेचा हट्ट सोडला तर माझ्यासारख्याला ते पुरतं. कावासाकीने हायड्रोजनवर चालणारी गाडीही २०२४ च्या जुलैत सुझुका ट्रॅकवर लोकांसमोर पळवली आहे, म्हणजे पर्याय एकच नाही.

क्लचवायर

चारशेचं मान्य. तुमचा प्रवास तसा असेल तर आजही जमेल. हायड्रोजनवाल्या गाडीचे फोटो मात्र पुन्हा बघा. मागे दोन्ही बाजूंना मोठे पॅनियर दिसतात ना, त्यात हायड्रोजनच्या टाक्या आहेत. सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न त्या गाडीने अजून घ्यायचाच आहे. मला येत्या काही वर्षांत हायब्रिड जास्त शक्य वाटतं. कावासाकीचीच निन्जा ७ हायब्रिड २०२४ मध्ये आली, ४५१ सीसीचं इंजिन आणि सोबत मोटर.

रात्रपाळी

(प्रतिसाद दोनदा पडला होता, एक काढला.)

मला कामामुळे बरेचदा अंधारातच निघावं लागतं. म्हणून माझी मागणी दिव्यांची. गाडी वळणात कलली की हेडलाइटही कलतो, प्रकाशाची वरची कड तिरपी होते आणि नेमकं वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे बघायचं असतं तिथे, अंधार पडतो. बीएमडब्ल्यूने २०११ च्या के १६०० जीटीवर कल ओळखून फिरणारा हेडलाइट दिला तेव्हा मला वाटलं होतं पाच वर्षांत हे सगळीकडे येईल. तसं झालं नाही. आता २०२५ च्या यामाहा ट्रेसर ९ जीटी प्लसवर मॅट्रिक्स एलईडी आलेत, समोरच्या वाहनापुरता प्रकाश कापून बाकीचा रस्ता उजळलेला ठेवतात. हे तंत्र मधल्या गटात आलंय ही खरी चांगली बातमी.

रडारबद्दल एक सावधगिरी. अॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या वाहनापासून अंतर राखत वेग सांभाळणारी यंत्रणा) म्हणजे गाडी स्वतः थांबते असा अनेकांचा समज आहे. आर १२५० आरटीच्या वेळी बीएमडब्ल्यूनेच सांगितलं होतं की थांबलेल्या वाहनांना ती यंत्रणा प्रतिसाद देत नाही. आता बॉश कंपनीच्या रडार यंत्रणेची नवी पिढी ऑटोमॅटिक गिअरच्या जोडीने पूर्ण थांबेपर्यंत जाते, आणि गटाने नागमोडी रांगेत चालताना शेजारच्या ओळीतल्या मित्राला अडथळा न समजता योग्य अंतर राखते. गटाने फिरणाऱ्यांना हे दुसरं फार उपयोगी. आपणहून कचकन ब्रेक मारणं मात्र मोटरसायकलवर कुणी करत नाही आणि करूही नये, कारण चालवणाऱ्याची पकड तयार नसेल तर तो हँडलवरून पुढे जाईल. म्हणून यंत्रणा चालवणाऱ्याने लावलेल्या ब्रेकमध्ये कमी पडलेला जोर भरते.

आणि ते मोठे पडदे. माझ्या गाडीवर नकाशा दिसायला फोन जोडावा लागतो. एका पावसाळी रात्री फोन खिशात तापून बंद पडला, नकाशा गेला, आणि ओल्या हातमोज्याने पडदा ऐकेना. अर्धा तास एका पुलाखाली उभं राहून फोन वाळवला. नकाशा गाडीतच साठवलेला हवा आणि महत्त्वाची कामं खऱ्या बटणांवर हवीत. यावर माझी कुठलीही तडजोड नाही.

दूरवाट

रात्रपाळी, बटणांबद्दल शंभर टक्के सहमत.

आता ज्यासाठी धागा काढला त्या मोठ्या प्रश्नाकडे. गोल्ड विंगचं पुढे काय? १९७४ मध्ये ९९९ सीसीच्या चार सिलिंडरांनी सुरुवात, १९८८ ला सहा सिलिंडर, २००१ ला १८०० सीसी, मग २०१८. पन्नाशीही उलटली. आणि २०२४ मध्ये चीनच्या सोउओने एस२००० आणली, आठ सिलिंडरांचं आडवं इंजिन, १९९९ सीसी, आठ गिअरचं डीसीटी. होंडा याला उत्तर देईल का?

कागदवाचक

सिलिंडरांच्या शर्यतीत होंडा उतरेल असं मला वाटत नाही. त्यांचा कल दुसरीकडे दिसतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मिलानच्या आयक्मा या मोटरसायकल प्रदर्शनात त्यांनी ७५ अंशाचं व्ही३ (व्ही आकारात तीन सिलिंडर) इंजिन दाखवलं, सोबत विजेवर फिरणारा कॉम्प्रेसर. पुढच्या वर्षी त्याचीच व्ही३आर ९०० नावाची प्रायोगिक गाडी आली आणि ९०० सीसीतून १२०० च्या तोडीची कामगिरी असं सांगितलं गेलं. हे पेटंटच्या पुढचं आहे, धातूत उभं आहे.

टूरिंगवाल्यांनी यात बघायचं ते असं. नेहमीचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारी यंत्रणा) इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला असतो. कॉम्प्रेसर विजेवर असेल तर फेरे कमी असतानाही हवा ढकलता येते. म्हणजे चढावर, दोन माणसं आणि सामान घेऊन, तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना जो जोर हवा असतो तो लहान इंजिनातून मिळू शकतो. दाखवलेली गाडी स्पोर्टी आहे. पण हेच इंजिन मोठ्या टाकीच्या, पॅनियरवाल्या गाडीत बसवलेलं मला सहज दिसतं. गोल्ड विंगच्या जागी येईल असं म्हणत नाही, तिच्या आणि होंडाच्याच लहान टूरिंग गाडीच्या, एनटी ११०० च्या, मधल्या रिकाम्या जागेत. हा निव्वळ माझा अंदाज, कागद एकही हातात नाही.

शाफ्टवाला

तसं झालं आणि त्याला शाफ्ट दिला तर मी पहिल्या रांगेत उभा राहीन. फक्त कॉम्प्रेसर, त्याची बॅटरी आणि गार ठेवायची व्यवस्था मिळून वजन किती होतं ते कळू दे. आणि व्हॉल्व्ह तपासायला प्लास्टिक किती काढावं लागतं तेही. डुकाटीने व्ही४ ग्रँटुरिस्मो इंजिनात डेस्मो (स्प्रिंगेविना व्हॉल्व्ह बंद करायची पद्धत) सोडून स्प्रिंगा घातल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किलोमीटरवर नेली. टूरिंगवाल्यांसाठी गेल्या काही वर्षांतली ती सगळ्यात मोठी सुधारणा होती असं मी मानतो, आणि जाहिरातीत तिला एक ओळ मिळाली.

दूरवाट

सगळ्यांचे आभार. शाफ्टवाला यांचा हिशेब वाचून काल माझ्या गाडीचे कागद काढले, घरातल्या वजनकाट्यावर दोन्ही पॅनियर भरून ठेवले. मागची पाच वर्षं मीही मर्यादेच्या वर फिरतोय, अकरा किलोंनी. त्यामुळे आयक्माच्या बातम्या येतील तेव्हा माझं लक्ष तीन आकड्यांवर असेल. टाकी भरून गाडीचं वजन, कमाल परवानगी असलेलं एकूण वजन आणि टाकीचे लिटर. कुणाला मंजुरीचे कागद आधी दिसले तर इथेच टाका.

मागची_सीट

आणि मागच्या सीटचा फोटो. पहिल्या दिवशी कंपन्या पुढून आणि बाजूनेच फोटो देतात, तेही पॅनियर न लावता. पॅनियर लावलेले, मागे माणूस बसलेलं आणि त्याचा गुडघा किती दुमडलाय ते दिसेल असा एखादा मिळाला तर नक्की टाका.

शाफ्टवाला

नोंद केली. तुमचे दहा मिलिमीटरचे वॉशर आज लावले, वरच्या दोनच बोल्टना. उद्या दोघं मिळून दीडशे किलोमीटर जाऊन येतो आणि मागून काय निकाल मिळतो ते कळवतो.